पदर, ॲप्रन आणि प्रयोगशाळा

भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या कामाच्या वेशाचा इतिहास लिहिताना पहिली अडचण साधनांची येते. पदवीदान, सत्कार, परिषदा आणि संस्थांचे वर्धापनदिन अशा प्रसंगी घेतलेली छायाचित्रे विपुल आहेत आणि त्यांत साडीचे काठ, पदराची ठेवण, अंबाड्याचा घाट इथपर्यंत सारे स्वच्छ दिसते. पण त्याच स्त्रिया टेबलाशी उभ्या राहून आम्ल मोजत असताना, प्रेताचे विच्छेदन शिकत असताना किंवा रात्र-रात्र वर्णपटाची छायाचित्रे घेत असताना काय नेसत होत्या, पदर कुठे खोचत होत्या आणि पायांत काय घालत होत्या, याची नोंद ठेवण्याची गरज फारशी कुणाला वाटलेली दिसत नाही. चरित्रकार बहुधा ‘साधी राहणी’ या दोन शब्दांत विषय आटोपतात आणि आत्मपर लेखनात मार्गदर्शक, शिष्यवृत्ती व निष्कर्ष यांना जागा मिळाल्यावर वस्त्रांसाठी जागा उरत नाही. त्यामुळे हा इतिहास पत्रांतील ओझरते उल्लेख, समारंभातील छायाचित्रे आणि कामाच्या स्वरूपावरून निघणारे अनुमान यांच्या आधारे जुळवावा लागतो. आणि तो जुळवताना वेशाच्या निवडीत कामाच्या गरजेला जेवढे मत होते त्याहून कितीतरी जास्त मत बघणाऱ्यांच्या नजरेला होते, हे पुन्हा पुन्हा ध्यानात येते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणासाठी घराबाहेर पडलेली पहिली पिढी नऊवारी लुगड्यातली होती. सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे हे वस्त्र निऱ्या घालून पायांमधून मागे नेले जाते आणि कमरेला खोचले जाते. या मागे खोचलेल्या भागाला कासोटा किंवा काष्टा म्हणतात आणि अशा नेसण्याला सकच्छ नेसण असे नाव आहे. भातलावणी करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या आणि डोंगर चढणाऱ्या स्त्रियांनी ही नेसण शतकानुशतके वापरली, याचे कारण तिच्यात दोन्ही पाय मोकळे राहतात, वाकता-बसता येते आणि पदर कमरेभोवती घट्ट आवळला की कापडाचे एकही टोक सुटे राहत नाही. तिच्यात पोटऱ्यांचा भाग मात्र उघडा राहतो. मराठी घरात त्यात वावगे काहीच नव्हते, उलट ब्राह्मण घरांत सकच्छ नेसणे हाच सौभाग्याचा आणि शिष्टाचाराचा भाग मानला जाई. परंतु व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी नजरेला स्त्रीची पोटरी दिसणे असभ्य वाटे आणि शाळा, महाविद्यालय, रुग्णालय या नव्या जागा त्याच नजरेच्या ताब्यात होत्या.

कासोटा न घालता परकरावर गोल नेसायची पाचवारी किंवा सहावारी साडी, म्हणजे विकच्छ नेसण, या नव्या जागांबरोबर आली. तिच्या प्रसारात मुंबईचा वाटा मोठा आहे. ज्ञानदानंदिनी देवी टागोर या पती सत्येंद्रनाथ यांच्याबरोबर १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात आल्या, तेथील पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी उचलली आणि तिला परकर व शिवलेल्या पोलक्याची जोड देऊन ती बंगालमधील ब्राह्मो कुटुंबांत नेली. समारंभाला आणि सार्वजनिक ठिकाणी जाता येईल असा हा वेश पुढे सुशिक्षित हिंदी स्त्रीची खूण ठरला. महाराष्ट्रात मात्र गोल साडी सर्रास रूढ व्हायला आणखी अर्धशतक लागले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात शहरी तरुण मुलींनी ती स्वीकारली तेव्हाही घरोघरी ‘गोल नेसावे की नाही’ यावर वाद झाले.

या संक्रमणाच्या आधीच्या टोकाला आनंदीबाई जोशी उभ्या आहेत, आणि वेशाबद्दलचा पुरावा सर्वांत जास्त त्यांच्याच बाबतीत उपलब्ध आहे. अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत जे जाहीर भाषण केले, त्यात मुंबईत शाळेत जाताना रस्त्यावरच्या लोकांनी केलेल्या छळाचे वर्णन आहे. बघ्यांचा रोष नुसत्या पुस्तकांवर नव्हता. पायांतले बूट आणि मोजे पाहून ही कोण बाई निघाली, कलियुग ते हेच, असे उद्गार लोकांनी काढल्याचे त्यांनी सांगितले. बूट-मोजे हे साहेबाचे आणि साहेबाच्या कचेरीत जाणाऱ्या पुरुषाचे लक्षण असल्याने ते घालणारी स्त्री एकाच वेळी धर्माची आणि पुरुषाची अशा दोन हद्दी ओलांडत होती. त्याच भाषणात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा निर्धारही त्यांनी बोलून दाखवला, आणि हा निर्धार ज्या गोष्टींवरून पारखला जाणार होता त्यांत अन्न आणि वस्त्र या दोन अग्रभागी होत्या. परदेशी जाणाऱ्या पुरुषाने कोट-पाटलोण चढवली तर परत आल्यावर प्रायश्चित्त घेऊन ते प्रकरण मिटू शकत असे, पण स्त्रीने झगा घातला असता तर ती धर्मांतराची कबुलीच समजली गेली असती. कारण मुंबई-पुण्याकडे झगा घालणारी हिंदी स्त्री म्हणजे ख्रिस्ती झालेली स्त्री, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के होते.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे १८५० मध्ये केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेत, आनंदीबाई १८८३च्या हिवाळ्यापूर्वी दाखल झाल्या आणि पहिली कसोटी थंडीने घेतली. बर्फात पोटऱ्या उघड्या ठेवणारे लुगडे शरीराला जाचक आणि तेथील समाजाला चमत्कारिक, अशा दुहेरी अडचणीत त्यांनी काढलेला तोडगा मोठा चतुर होता: त्यांनी झगा घेतला नाही, तर पाय घोट्यापर्यंत झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. धर्म सुटला नाही, देश सुटला नाही, फक्त प्रांत बदलला. पण एवढा बदलसुद्धा मुकाट्याने झाला नाही. पती गोपाळराव यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात वेशाचा विषय डोकावत राहतो, आणि हजारो मैलांवर आजारी शरीराने शरीरशास्त्र, रसायनशास्त्र व प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्या विशीतल्या तरुणीला आपल्या पदराचा खुलासा करावा लागतो, हे वाचताना आजच्या वाचकालाही अवघडल्यासारखे होते.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ऑक्टोबर १८८५ मधले आहे. त्यात आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोमध्ये आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली आपल्याकडील पारंपरिक वेशात बसलेल्या दिसतात. हे चित्र आता अनेक ठिकाणी, तिन्ही विद्यार्थिनी जणू याच कपड्यांत वर्गात बसत असाव्यात अशा थाटात छापले जाते. प्रत्यक्षात ते अधिष्ठाता रेचेल बॉडली यांच्या स्वागतसमारंभाच्या निमित्ताने काढलेले आहे, आणि परदेशी विद्यार्थिनींनी आपापल्या ‘राष्ट्रीय’ पोशाखात यावे ही अशा समारंभांची अपेक्षाच असे. संस्थेला मिशनची आणि स्त्रीशिक्षणाची जगभर पसरलेली कीर्ती दाखवायची होती, तर आनंदीबाईंना आपला शब्द पाळला जात असल्याचे मायदेशी दाखवायचे होते. एका साडीने दोघांचेही काम भागवले. विच्छेदनाच्या टेबलाशी त्या साडीवर काय चढवले जात होते, बाह्या कशा वर केल्या जात होत्या, याबद्दल मात्र हे छायाचित्र काहीच सांगत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले आणि व्यवसायातील वेशाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत उद्भवलाच नाही.

तो उद्भवला मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिल्यावर आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडल्यावर. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत पारशी, युरोपीय आणि ख्रिस्ती मुलींचा भरणा असल्याने रुग्णालयातील स्त्री-डॉक्टरांचा वेश पारशी साडी किंवा झगा असाच आधी स्थिरावला आणि नंतर आलेल्या हिंदू मुलींना त्यातल्या साडीच्या बाजूला सरकणे सोपे गेले. याच सुमारास वैद्यकात दुसरा बदल घडत होता. शल्यविशारद पूर्वी जुन्या, रक्ताने कडक झालेल्या गडद कोटातच शस्त्रक्रिया करीत. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती आणि पाश्चर व कॉख यांचे जंतुशास्त्र प्रस्थापित झाल्यावर शतकाच्या अखेरीस डाग लगेच दिसेल आणि उकळून धुता येईल असा पांढरा कोट आला. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत आणि रसायनशाळांत आजही त्याला ॲप्रन म्हणतात. कपडा हा संसर्गाचा वाहक असतो आणि विशिष्ट कामासाठी वेगळे, इतरत्र न वापरलेले वस्त्र लागते, ही कल्पना सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या मुलींना अगदीच परकी वाटण्याचे कारण नव्हते. फरक एवढाच की सोवळे धार्मिक शुद्धतेचे रक्षण करी, तर ॲप्रनकडून रोगी आणि वैद्य या दोघांच्याही रक्षणाची अपेक्षा होती.

युरोपातील प्रयोगशाळांत स्त्रियांचा प्रश्न निराळा होता, पण सुटा नव्हता. मेरी स्क्लोडोव्स्का यांनी १८९५ मध्ये प्येर क्यूरी यांच्याशी लग्न करताना पांढऱ्या विवाहवेशाऐवजी गडद निळा, नंतर प्रयोगशाळेत वापरता येईल असा पोशाख घेतला आणि तो खरोखरच पुढे कामाला वापरला. ही गोष्ट काटकसरीची म्हणून सांगितली जाते. पण लग्नाच्या दिवशी काय घालायचे हे कामाच्या टेबलावरून ठरवण्याची मुभा त्यांना होती, ही बाब जास्त महत्त्वाची आहे. भारतीय स्त्रीच्या बाबतीत प्रवाह बहुधा उलटा वाहिला आणि घरच्या व समाजाच्या वेशाला टेबलाशी जमवून घ्यावे लागले.

विज्ञानाच्या संशोधनसंस्थांत मराठी स्त्रीचा प्रवेश कमला भागवत यांच्या नावाशी जोडलेला आहे. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल क्रमांकाने मिळवून त्यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला आणि कमलाबाईंनी हट्ट धरल्यावर अटी घालून प्रवेश दिला: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे आणि संस्थेतील वातावरण बिघडू द्यायचे नाही. या तिसऱ्या अटीत वस्त्राचा उल्लेख नाही. पण पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होण्याची जबाबदारी ज्या क्षणी एका मुलीवर टाकली गेली, त्या क्षणी तिच्या साडीचा रंगही संस्थेच्या शिस्तीचा विषय झाला, असे म्हणायला हरकत नाही. त्या पिढीच्या छायाचित्रांत फिक्या, सुती, बारीक काठांच्या साड्या आणि मानेवर आवळलेला अंबाडा दिसतो, तो फक्त त्या काळच्या आवडीचा परिणाम नसावा. लक्षात न येणे हीच तेथे टिकून राहण्याची पहिली अट होती. कमलाबाई टिकल्या, केंब्रिजला गेल्या, बटाट्यातील सायटोक्रोम-सी या श्वसनाशी निगडित प्रथिनावर काम करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि रामन यांना मुलींबद्दलचे आपले मत बदलावे लागले.

रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० पासून काम करणाऱ्या अण्णा मणी यांनी मात्र आपला वेश स्वतः, आणि विचारपूर्वक निवडला होता. त्रावणकोरमधील पीरमेड येथे सुखवस्तू ख्रिस्ती घरात वाढलेल्या अण्णा मणी यांच्यावर लहानपणी वैकोम सत्याग्रहाच्या निमित्ताने आलेल्या गांधीजींचा प्रभाव पडला आणि त्यांनी खादी धरली. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशदीप्तीचा अभ्यास करताना वर्णपटाचे छायाचित्र घेण्यासाठी एकेका स्फटिकावर पंधरा-वीस तास प्रकाश पाडावा लागे आणि त्या पुष्कळदा रात्र प्रयोगशाळेतच काढीत. अशा कामाला जाड सुती कापड सोयीचे होते खरे, पण ते त्यांनी सोयीसाठी घेतलेले नव्हते. १९४८ मध्ये त्या पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात आल्या, देशातच बनवायच्या शंभरएक हवामान-उपकरणांची प्रमाणित रेखाटने त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली आणि पुढे शंभराहून अधिक पुरुषांच्या विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली. लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर चालणाऱ्या कार्यशाळेत खादीची साडी नेसलेली अधिकारी स्त्री, हे पन्नासच्या दशकातील शिवाजीनगरचे दृश्य त्या काळच्या पुणेकरांना नवलाचे वाटले असणार. येथे खादीने एक वेगळेच काम केले: ती सत्तेवर आलेल्या पक्षाची आणि राष्ट्रनिर्मितीची भाषा बोलत असल्याने तिच्यातील स्त्रीला ‘बाई’ म्हणून बाजूला सारणे अवघड जाई.

वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या अभ्यासक ई. के. जानकी अम्मल यांनी याच्या उलट वाट धरली. सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर १९४५ मध्ये लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांची सूची प्रसिद्ध करणाऱ्या या विदुषी उत्तरायुष्यात पिवळ्याधमक साड्या आणि त्याच रंगाचे लांब, सैल पोलके वापरीत, असे त्यांच्या नातलगांनी लिहून ठेवले आहे. एव्हाना नजरेत न भरण्याची गरज त्यांना उरलेली नव्हती. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी तर नेसण्यापेक्षा न घालण्याच्या गोष्टींतून आपली भूमिका मांडली. त्या कुंकू आणि मंगळसूत्र वापरीत नसत, स्कूटर चालवीत, आणि माणसांची मोजमापे घेण्यासाठी खेडोपाडी हिंडत. सौभाग्यचिन्हे टाळणारी सवाष्ण ही त्या काळी वैधव्य ओढवून घेणारी बाई समजली जाई. महर्षी कर्व्यांच्या घरची सून म्हणून त्यांना थोडे कवच होते, तरी निर्णय त्यांचाच होता.

आतापर्यंतच्या सर्व निवडींत, खादीसुद्धा धरून, वस्त्र हे कुणाला तरी उद्देशून बोलते आहे. कामाच्या टेबलाची बाजू ऐकली तर चित्र पालटते. सहावारी गोल साडीत पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला असतो आणि खांद्यावर लोखंडी पिनेने टाचलेला असला तरी टेबलावर वाकताच त्याचे टोक पुढे घसरते, नेमके तेथे जेथे बन्सनचा दिवा, म्हणजे वायूवर जळणारी प्रयोगशाळेतील ज्योत, असते. म्हणून पदर पुढून घेऊन कमरेला खोचायचा आणि त्यावर ॲप्रन चढवायचा, ही रीत रसायनशाळांत रूढ झाली. पण ॲप्रन पुरुषाच्या पाटलोणीच्या हिशेबाने बेतलेला असल्याने गुडघ्याशी संपतो आणि त्याखाली निऱ्यांचा घोळ पावलांपर्यंत उघडाच राहतो. टेबलावरून ओघळणारे आम्ल खाली येते ते याच घोळावर आणि चपलेतल्या उघड्या बोटांवर. पायघोळ साडीखाली बंद बूट शोभत नाहीत ही समजूत इतकी पक्की की आनंदीबाईंनी १८८३ पूर्वी सोसलेली टवाळी सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही प्रयोगशाळांच्या दारात चपलांच्या रूपाने शिल्लक होती. बांगड्यांचेही तसेच. शस्त्रक्रियेपूर्वी हात कोपरापर्यंत घासून धुवावे लागतात, तेथे काचेचा चुडा चालत नाही. जीवाणूंच्या संवर्धनातही मनगटाचा प्रत्येक कंगोरा दूषित होण्याची जागा असतो. चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे बलवान चुंबकक्षेत्रात रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या खोलीत तर अडचण सोन्याच्या मंगळसूत्राची कमी आणि साडी तोलून धरणाऱ्या पोलादी पिनांची जास्त असते, कारण सोने चुंबकाकडे ओढले जात नाही, पोलाद मात्र हिसक्याने ओढले जाते.

या कसोटीवर पाहता सकच्छ नऊवारी गोल साडीपेक्षा प्रयोगशाळेला जास्त लायक होती. तिच्यात पाय विभागलेले, घोळ आवळलेला, पदर कमरेला बांधलेला आणि पिनेची गरज शून्य. मराठी स्त्रिया विज्ञानशाखेत लक्षणीय संख्येने येऊ लागल्या नेमक्या त्याच दशकांत त्यांनी ती सोडली, कारण ती आजीची, खेड्याची आणि स्वयंपाकघराची ठरली होती आणि गोल साडी शिकलेल्या मुलीची. प्रगत म्हणून घेतलेला वेश कामाला मागासलेला निघाला, आणि त्याची भरपाई पिना, खोचणे व ॲप्रन यांच्या ठिगळांनी होत राहिली.

साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन आणि पॉलिएस्टर साड्यांनी परिस्थिती आणखी बिघडवली. खळ नको, इस्त्री नको, रात्री धुतली की सकाळी तयार, म्हणून नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला त्या वरदान वाटल्या. पण सुती कापड जळते तेव्हा त्याची राख होते, आणि हे कृत्रिम धागे वितळून कातडीला चिकटतात. प्रयोगशाळेच्या सुरक्षानियमांत सुती कपड्यांचा आग्रह असतो तो यासाठी. २००८च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रसायनशाळेत हवेशी संपर्क येताच पेट घेणारे द्रव्य हाताळताना एका तरुण सहायिकेच्या अंगावरील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. तिने प्रयोगशाळेचा कोट घातलेला नव्हता आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. येल विद्यापीठात २०११ मध्ये केस लेथमध्ये अडकून एक विद्यार्थिनी दगावली. या दोन्ही घटनांत साडी नव्हती, तेव्हा धोका भारतीय पोशाखापुरता मर्यादित आहे असे समजण्याचे कारण नाही. सुटे टोक आणि चुकीचा धागा कुठल्याही देशात तितकेच घातक.

दरम्यानच्या दशकांत सलवार-कमीज, मराठीत ज्याला बराच काळ पंजाबी ड्रेस म्हणत, महाविद्यालयीन मुलींत रुळला होता, आणि त्याने पायांचा प्रश्न सोडवला असला तरी ओढणीच्या रूपाने पदर मागच्या दाराने परत आला. विद्यार्थिनीने ड्रेस घालावा आणि अध्यापिकेने साडीच नेसावी, असा अलिखित दंडक पुष्कळ ठिकाणी दीर्घकाळ चालला. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या वर्गात ज्वालाग्राही द्रव्यांच्या सर्वांत जवळ वावरणारी व्यक्तीच सर्वांत जास्त घोळाचे वस्त्र नेसून उभी असे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल जो आदेश काढला त्यातही भर शोभण्यावर आणि आठवड्यातून एकदा खादी वापरण्यावर होता. कचेरीपुरते ते ठीक. परंतु पोशाखाचे प्रशासकीय नियम शालीनतेची भाषा बोलतात आणि प्रयोगशाळेचे नियम आगीची व आम्लाची, आणि एकाच संस्थेत दोन्ही लागू झाले की निस्तरायचे काम बाईकडे येते.

जेथे निसर्गच नियम घालून देतो तेथे हा घोळ झाला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत मूळच्या नागपूरच्या आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या अदिती पंत, तसेच भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी सामील झाल्या. त्या खंडावर गेलेल्या या पहिल्या भारतीय स्त्री-वैज्ञानिक. दक्षिण गंगोत्री हे पहिले भारतीय स्थानक याच मोहिमेत उभे राहिले. तेथे थरावर थर चढवलेले ध्रुवीय कपडे हा एकच वेश शक्य होता आणि ‘शोभते का’ हा प्रश्न विचारायला कुणाला उसंत नव्हती.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले आणि भरजरी साड्या नेसून, केसांत गजरे माळून एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या स्त्रियांचे बंगळूरमधील छायाचित्र जगभर गाजले. अग्निबाण-विज्ञान म्हणजे पांढऱ्या शर्टातले पुरुष, या समजुतीला त्याने छेद दिला म्हणून त्याचे कौतुक झाले. पुढे इस्रोने स्पष्ट केले की चित्रातील स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी होत्या, मात्र मोहिमेत अनेक स्त्री-वैज्ञानिक होत्या आणि नियंत्रणकक्षातही त्या हजर होत्या. रितू करिधल आणि नंदिनी हरिनाथ या उपसंचालन-संचालकांची नावे नंतर सर्वांना माहीत झाली. चूक झाली ती वाचणाऱ्यांची. साडी आणि गजरा पाहून वैज्ञानिक ओळखण्याचा नवा उत्साह हा साडी पाहून वैज्ञानिक नाकारण्याच्या जुन्या सवयीचाच सख्खा भाऊ होता. दोन्हींत बाईचे काम तिच्या काठापदरावरून ठरवले जात होते.

यान प्रत्यक्ष जोडले जाते तेथे रेशीम चालतच नाही. रेशीम आणि कृत्रिम धागे घासले गेले की स्थिर विद्युतभार साठतो आणि बोटाला जाणवणारही नाही एवढ्या ठिणगीने इलेक्ट्रॉनिक चिप निकामी होऊ शकते; म्हणून तेथे भार जमिनीत वाहून नेणारा पट्टा मनगटाच्या उघड्या कातडीला बांधावा लागतो आणि बांगड्या उतराव्या लागतात. त्याखेरीज उपग्रहाचे भाग ‘क्लीन रूम’मध्ये, म्हणजे हवेतील धूलिकणांची संख्या गाळण्यांच्या साहाय्याने मोजक्या मर्यादेत ठेवलेल्या दालनात हाताळले जातात, आणि तेथे प्रसाधने, सुटे केस, फुले यांना मज्जाव असतो. मंगळयानाच्या उपकरणांवर काम केलेल्या अभियंता मिनल संपत यांनी एका मुलाखतीत सांगितले की आपण स्त्री आहोत याचा कधीकधी विसरच पडतो, कारण क्लीन रूममध्ये नखशिखान्त पोशाखात वावरताना पुरुष कोण आणि स्त्री कोण हे ओळखूच येत नाही. हा पोशाख दोन प्रकारचा असतो. कमी काटेकोर दालनांत लांब झग्यासारखा कोट चालतो आणि तो साडीवरूनही चढवता येतो. जास्त काटेकोर दालनांत डोक्यापासून पायापर्यंत एकसंध, दोन पायांचा अंगरखा लागतो आणि त्याच्या पायांत परकर व निऱ्या मावत नाहीत. अशा दालनात रोज जाणाऱ्या स्त्रीला बाहेरच्या खोलीत साडी उतरवून सलवार किंवा पँट घालायची, आणि कामाची पाळी संपल्यावर सहा वार पुन्हा नेसायचे, किंवा सकाळी घरातूनच कुर्ता-सलवारीत निघायचे, एवढाच पर्याय उरतो.